फोंड्यातलं पहिलं वर्ष आणि मे महिन्याचं तिकीट

गोव्यात शिकते म्हटलं की भुसावळमध्ये प्रत्येकाचा पुढचा प्रश्न ठरलेला, मग काय रोज बीच! मामेभावाने तर 'गोवा फिक्स' म्हणून ग्रुपच काढला आणि मला न विचारता अ‍ॅडमिन करून टाकलं. तर सगळ्यांसाठी एकदाच लिहिते. मी फोंड्यात राहते आणि फोंडा समुद्रावर नाहीये. इथे डोंगर आहेत, देवळं आहेत, सुपारी-नारळाची कुळागरं आहेत आणि स्टँडवर गळा काढून ओरडणारे कंडक्टर आहेत. समुद्र बघायचा तर आधी पणजीची बस, तिथून मिरामारची बस, आणि पाण्यात पाय घालून उभं राहिलं तरी डोक्यात परतीच्या बसचा घोर. त्यामुळे वर्षभरात समुद्र कमी आणि बसच्या खिडक्या जास्त बघितल्या.

अ‍ॅडमिशनचं थोडक्यात सांगते कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. बी. फार्मसी, बाहेरच्या राज्यातल्या मुलांच्या सीटवर. ज्यांना असं राज्य बदलून जायचंय त्यांनी बारावीचा निकाल लागला की लगेच मायग्रेशन सर्टिफिकेटच्या मागे लागा, आमच्या जळगाव जिल्ह्याला ते नाशिक बोर्डाकडून मिळतं, ते हातात नसलं की इथल्या क्लार्कसमोर आपण काहीही बोललो तरी उपयोग नसतो. लिव्हिंगच्या झेरॉक्स भरपूर काढा. फोटो पण. बस्स.

रूम शोधणं हा मात्र खरा कार्यक्रम होता. पप्पा रेल्वेत, लोको शेडला, त्यामुळे त्यांच्या पासवर आम्ही दोघं गोवा एक्सप्रेसने आलो आणि पाऊस म्हणजे असा की स्टेशनवर उतरल्यापासून छत्री असून नसल्यासारखी. फोंड्यात दिवसभर घरं बघितली. एकीकडे भाडं ऐकून पप्पा गप्प झाले, एकीकडे बाथरूम बघून मी गप्प झाले, आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं की वरच्या आळीत एक माई राहतात, मुलगा बाहेरगावी, मुलींनाच ठेवतात. माईंनी आम्हाला आधी बसवलं, चहा दिला आणि पप्पांचीच मुलाखत घेतली. गाव कुठलं, घरी कोण कोण, मुलगी सोमवार करते का. भाड्याचं शेवटी निघालं. दुसऱ्या दिवशी भाडेकरू पडताळणीचा फॉर्म भरून पोलिस स्टेशनात दिला, आधार, कॉलेजचं लेटर, फोटो. बाहेरून येणाऱ्यांनो, हा फॉर्म टाळू नका. घरमालक म्हणेल राहू दे बघू मागनं, तरी आपणच मागे लागून द्या, नंतर काही झालं तर धावपळ आपलीच होते.

माईंच्या घरी बोलणं सगळं कोकणी आणि पेपर मराठी. सकाळी पेपर आला की आधी त्या मृत्यूच्या बातम्या वाचतात, मग राशिभविष्य, मग मला हाक. "कितें गो बाय, जेवलें?" हे त्या दिवसातून कितीही वेळा विचारू शकतात. मी मराठीत उत्तर देते, त्या कोकणीत पुढचं विचारतात, आमचं कधी अडलं नाही. आरत्या मराठीतच, भजनं मराठीतच, नाटकाची जाहिरात मराठीत, आणि तेच लोक नाटक सुटल्यावर बाहेर येऊन कोकणीत त्याची चिरफाड करतात. मला ह्याची गंमत पहिले काही महिने वाटत होती, आता मीच फोनवर आईला "मागीर करते" (नंतर करते) म्हणून जाते आणि तिकडून आई विचारते कोणाशी बोलतेयस माय.

पावसाचं मात्र कोणी नीट सांगितलं नव्हतं. म्हणजे पडतो हे माहीत होतं, पण आमच्याकडे वर्षाला सातशे मिलीमीटरच्या आसपास पडला तरी लोक खूश असतात, इथे तीन हजार. आकडा राहू दे, अ‍ॅप्रनचं सांगते. फार्मसीला प्रॅक्टिकलला पांढरा अ‍ॅप्रन लागतो, आठवड्यातनं धुवायचा. जुलै-ऑगस्टमध्ये धुतलेला अ‍ॅप्रन वाळतच नाही. खोलीत दोरीवर टाकला, पंख्याखाली टाकला, इस्त्रीने वाफ काढली तरी शिवणींमध्ये ओल राहते आणि दोन दिवसांनी कॉलरच्या आतून बारीक काळे ठिपके. ते मोहरीएवढे पण नसतात, दिसायला मिरपूड सांडल्यासारखे, आणि घासून जात नाहीत. माईंनी मग स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या बाजूला दोरी बांधून दिली, त्यांच्याकडे गॅस आहेच पण आंघोळीच्या पाण्याला अजून चूल पेटते, तिथे अ‍ॅप्रन वाळायला लागला आणि मी सेमिस्टरभर लाकडाच्या धुराचा वास अंगावर घेऊन सिरप बनवत होते. सिम्पल सिरप आय.पी., म्हणजे इंडियन फार्माकोपियाप्रमाणे, साखर ६६.७ टक्के, वजनाने. सोपं वाटतं पण वजन केलेली साखरच कागदावर ओलसर व्हायला लागते, तराजूतला आकडा बघता बघता हलतो. आमच्या सरांनी पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगितलं की पुस्तकात हायग्रोस्कोपिक, म्हणजे हवेतला ओलावा ओढणारं, वाचता ते इथे डोळ्यांनी बघून घ्या, बाटलीची झाकणं लगेच लावा. चामड्याची चप्पल आणू नका, बॅगेत सिलिकाची पाकिटं टाका, आणि आईने दिलेले पापड हवाबंद डब्यात, नाहीतर ते चिवट होऊन रबर होतात.

आता खाणं. आमच्या घरी अंडंसुद्धा वेगळ्या भांड्यात अंगणात शिजतं, आणि माईंकडे सोमवारची शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, सोडली तर रोज मासे. त्यांनी एकदाही आग्रह केला नाही, माझं ताट वेगळं, भाजी वेगळी, पण भात उकड्या तांदळाचा, जाडा, तांबूस. पहिला महिना मी तो चावत बसायचे. भाकरीची आठवण यायची ती पोटातून यायची, डोक्यातून नाही. त्यातून सोडवलं पोदेराने. पोदेर म्हणजे सायकलवर बांबूची टोपली लावून पों पों करत येणारा पाववाला, सकाळी आणि संध्याकाळी. त्याच्याकडे पोई मिळते, कोंड्याची, गोल, आत पोकळ. ती गरम असताना बाजूने फाडायची, आत भुसावळहून आणलेला हिरव्या मिरचीचा ठेचा बोटाने पसरायचा, वरून कच्चं शेंगदाणा तेल. हे मी शेजारच्या खोलीतल्या मुलीला दिलं, ती इथलीच, सांगेकडची, तिने पहिल्या घासाला पाणी मागितलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः दोन पोई घेऊन दारात उभी. आमची मैत्री तिथून.

सकाळी लेक्चरच्या आधी कॅफेत भाजीपाव. पातळ भाजी की सुकी हे विचारतात, मी मिक्स घेते. सोबत गोड बन, तो केळ्याचा. आणि केळ्यावरून आठवलं, इथे मयडेची केळी म्हणून फार कौतुक असतं, मोठी, जाड सालीची, चांगली असतात, नाही म्हणत नाही. पण जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय टॅग मिळालाय आणि मी रावेर-यावलच्या बागा बघत वाढलेय, त्यामुळे केळ्याच्या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही. मैत्रिणीशी ह्यावरून झालेली भांडणं बसभर लोकांनी ऐकलीयत.

चवथीला सगळ्यात हाल होतात बाहेरच्या मुलांचे, हे कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. आमच्याकडे गणपती म्हणजे मंडळ, दहा दिवस, डीजे, गर्दी. इथे गणपती घरातला, मूळ घरातला, सगळं खानदान गावच्या घरी जमतं आणि बाजार शांत. कॅफे बंद, डबेवाली गावाला, माईसुद्धा दिराच्या घरी. मला मैत्रीण सांगेला घेऊन गेली नसती तर मी बिस्किटांवर असते. तिच्या घरी गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगलेली, माटोळी, आणि त्याला रानातली फळं, कंदमुळं, वेली, सुपारीचे घड, एकेक वस्तू सुतळीने बांधलेली. तिचे काका दोन दिवस रानात हिंडून ते गोळा करत होते आणि प्रत्येक फळाचं नाव मला सांगत होते, मला निम्मी पण लक्षात राहिली नाहीत. आरतीला घुमट. मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं, आणि बारकी पोरं पण काय वाजवतात. खतखतें खाल्लं, पातोळ्या खाल्ल्या, हळदीच्या पानाचा वास हाताला संध्याकाळपर्यंत होता. तिच्या आजीने मला निघताना नेवऱ्यांचा डबा दिला आणि डबा परत आणायलाच हवा असं बजावलं, म्हणजे परत यायलाच हवं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. गोव्यात गाडी नसेल तर गोवा वेगळाच दिसतो. ओला-उबर इथे नाहीत, गोवामाइल्स हे टॅक्सीचं अ‍ॅप आहे पण विद्यार्थ्याच्या खिशाला टॅक्सी म्हणजे टॅक्सीच. रेंटची बाईक टुरिस्टांसाठी. उरतात कदंबाच्या म्हणजे सरकारी बसेस, खासगी मिनीबसेस, पायलट म्हणजे मोटरसायकलवरची टॅक्सी, आणि फेरीबोट. मला हे आवडतं. मी जंक्शनवर वाढलेली पोर आहे, गाड्यांच्या वेळा हे आमच्या घरात जेवणाच्या वेळेसारखं बोललं जातं, त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत मी वहीच केली. फोंडा-पणजी खासगी बस दर थोड्या वेळाने, फर्मागुडी, म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, बाणस्तारी, जुने गोवे करत पणजी. कंडक्टर दारात लटकून "पणजे पणजे" ओरडतो, आत शिरलं की "फुडें वच गो", बोटांच्या बेचक्यात नोटा उभ्या घड्या घालून धरलेल्या, तिकीट बऱ्याचदा देत नाही पण कोण कुठे चढलं हे त्याच्या डोक्यात पक्कं. दुपारी भरपूर बसेस. संध्याकाळी सात-आठनंतर मात्र रस्ता एकदम रिकामा व्हायला लागतो आणि तेव्हा कळतं की इथल्या मुली स्कूटी का चालवतात. माझ्या मते ह्या राज्यातली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे, बाकी कशावर पण लोक बोलतात, ह्यावर नाही. नोव्हेंबरमध्ये पणजीत इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, २००४ पासून दरवर्षी, विद्यार्थ्यांना डेलिगेट पास मिळतो, आम्ही हौसेने काढला आणि संध्याकाळचा प्रत्येक सिनेमा शेवटची बस आहे म्हणून अर्धवट सोडून उठलो. पणजीला राहणारी मुलं शेवट सांगायची, आम्ही ऐकायचो.

पण त्याच बसनी खूप दिलं पण. रविवारी जुने गोव्याला उतरून खाली धक्क्यावर चालत गेलं की दिवाडीची फेरी, चालत जाणाऱ्याला पैसे लागत नाहीत, पलीकडे बेट, भातशेती, टेकडीवरचं चर्च, आणि दुपारी तिथे आवाज म्हणून फक्त बगळ्यांचा. पणजीत पाटोला सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ साली सुरू झालेली, तिथे एसीत बसून मी अ‍ॅनाटॉमीचं जर्नल पुरं केलंय. आणि पायलट! पिवळा मडगार्ड, पाठीमागे बसायचं आणि चाललं. आईला अजून सांगितलेलं नाही.

दिवाळीला घरी गेले ती गोवा एक्सप्रेसने, एकटी, पहिल्यांदा. फोंड्याहून बोरीचा पूल ओलांडून मडगाव, तिथून दुपारी गाडी. कुळ्याला गाडी थांबते आणि मागून जादा इंजिनं लावतात, कारण पुढे कॅसलरॉकपर्यंत चढ आहे १:३७ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. हे पप्पांनी मला फोनवर लाइव्ह समजावलं, मधेच रेंज गेली तरी त्यांचं चालूच असणार. दूधसागर आला तेव्हा सगळा डबा दारात, मोबाइल वर. पाऊस नुकताच संपलेला त्यामुळे पाणी जोरात होतं, तुषार खिडकीतून आत. शेजारच्या आजोबांनी कॅसलरॉकला सांगितलं की पोर्तुगीज होते तेव्हा इथे हद्द होती, सामान तपासायचे. मग लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे रात्रीत, सकाळी मनमाड, आणि दुपारी भुसावळ. उतरल्याबरोबर कोरडी हवा. केस पहिल्यांदा वाळल्यासारखे वाटले.

आता परीक्षा संपतायत, सेकंड सेमिस्टरचा शेवटचा पेपर मे मध्ये, आणि ह्या वेळी मैत्रीण माझ्यासोबत भुसावळला येतेय. तिने महाराष्ट्रात सावंतवाडी आणि कोल्हापूर सोडून काही बघितलेलं नाही. सगळे सांगतायत मे मध्ये नेऊ नकोस, ४५ पर्यंत जातं, पोरगी आजारी पडेल. तिचं म्हणणं घाम येत नाही ना, मग कितीही असू दे.

तिकिटाची भानगड अशी की पूर्वी १२० दिवस आधी बुकिंग उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. आम्ही मार्चमध्ये सकाळी आठला दोघी दोन फोन घेऊन बसलो, तोपर्यंत परीक्षेचं टाइमटेबल आलं नव्हतं म्हणून अंदाजाने तारीख धरली, आणि टाइमटेबल आलं तेव्हा ती तारीख बरोबर शेवटच्या पेपरच्या दिवशी. कॅन्सल, परत बुकिंग, तोवर स्लीपर वेटिंगला गेलेली. माझं पासवर होईल, प्रश्न तिचा. आता आरएसीपर्यंत आलंय. नाही झालं तर दुसरा रस्ता आहे, मंगला एक्सप्रेस, केरळहून दिल्लीला जाते, मडगाव, रत्नागिरी, पनवेल, कल्याण, नाशिक करत थेट भुसावळ. पण ती केरळहूनच भरून येते, आणि त्या रस्त्याने गेलं की कुळ्याचा घाट नाही, दूधसागर नाही. दूधसागर मे मध्ये दोऱ्याएवढा असतो म्हणा, पण तिला चढावरची इंजिनं दाखवायचीयत. तत्काळ स्लीपरचं आदल्या दिवशी अकराला उघडतं, तोपर्यंत वाट बघायची.

पोचल्यावर अजिंठा नक्की. जळगावहून साठेक किलोमीटर, सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवून दिवस धरलाय, सकाळी पहिल्या बसने निघून फर्दापूरच्या फाट्यावरून वरच्या बसने लेण्यांपर्यंत, आणि दुपारचं ऊन चढायच्या आत सावलीत. लेण्यांच्या आत गार असतं, चढउतार बाहेर आहे. मग मुक्ताईनगर, मग एक दिवस नुसतं घरी कूलरसमोर. कूलर तिने पाहिलेलाच नाही, गोव्यातल्या हवेत तो चालतच नाही ना, आधीच सगळं ओलं.

जूनमध्ये परत यायचं ते पावसाच्या आधी जमलं तर बरं, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलं की गाड्या हळू होतात. २४ जूनला सां जांव, सेंट जॉनचा सण, तिच्या मामाच्या गावात विहिरीत उड्या मारतात डोक्यावर फुलापानांचा मुकुट घालून, मी काठावर उभी राहणार आहे. आषाढात माशेलचा चिखलकालो, चिखलात खेळायचा उत्सव. दिवाळीच्या सुट्टीत नेत्रावती एक्सप्रेसने केरळला जायचं असं चाललंय पण त्याला अजून पैसे जमवायचेत.

सध्या माईंच्या अंगणात पावसाळ्याची बेगमी चाललीय, सोलं वाळत पडलीत, सुके बांगडे, मिरच्या, आणि मी अभ्यासाच्या मधे कावळे हाकलते. माईंना भुसावळचं कळल्यापासून एकच काळजी. "थंय नुस्तें मेळटा?" म्हणजे तिथे मासे मिळतात का. मैत्रीण म्हणाली मेळना. माई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग मानकुराद आंब्यांची पेटी आमच्या घरासाठी द्यायची त्यांनी कबूल केली, आता मे मध्ये भाव उतरलाय, मार्चमध्ये डझनाला हजारोंच्या गोष्टी चालतात तेव्हा नुसतं लांबून बघायचं. पप्पांना आंब्यांचं सांगितलं तर ते विचारतात स्लीपरमध्ये पेटी सीटखाली मावेल का, माप किती. आईला मैत्रीण येतेय म्हणून सांगितलं तेव्हा तिचे बिबडे आणि कुरडया गच्चीवर चालू होत्या, एका हाताने फोन. मी म्हटलं अगं ती पाहुणी येतेय, उन्हाची सवय नाही तिला. तर म्हणे, "येऊ दे माय, चीक अजून अर्धा उरलाय, हात लागतील."